खुब्याच्या ऑपरेशननंतर विमानाने मराठवाड्यात घरी परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, दिल्ली, हैदराबाद किंवा बेंगळुरूत खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता पेशंटला घरी आणायचंय. घरचे सगळे विमानाच्या काळजीत असतात. खरं सांगायचं तर विमानातला तास-दोन तास हा या प्रवासातला सगळ्यात सोपा भाग. घाम फुटतो तो दवाखान्याच्या पलंगापासून विमानाच्या सीटपर्यंत, आणि विमानतळापासून गेवराई, सेलू नाहीतर अहमदपूरच्या घरातल्या पलंगापर्यंत. त्यामुळे खालची निम्मी उत्तरं विमानाबाहेरची आहेत. औषधं, दिवस आणि पायावर किती भार द्यायचा, याबाबत शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

ऑपरेशननंतर किती दिवसांनी विमानात बसता येतं?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. परदेशातून येणारा लांबचा प्रवास असेल तर बरेच डॉक्टर सहा ते बारा आठवडे थांबायला सांगतात. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर अशा तासाभराच्या उड्डाणाला त्याआधीही परवानगी मिळू शकते. डॉक्टर बघतात ते असं: जखम कोरडी आहे का, पायात रक्ताची गाठ झाल्याची शंका नाही ना, हिमोग्लोबिन किती आहे, आणि पेशंट सरळ बसू शकतो का. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा ठेवलेला असतो, म्हणजे ऑक्सिजन जमिनीपेक्षा थोडा कमीच मिळतो. ऑपरेशनमध्ये बरंच रक्त गेलं असेल, हिमोग्लोबिन आठच्या आसपास घुटमळत असेल किंवा छातीचा-हृदयाचा जुना त्रास असेल, तर हा विषय डॉक्टरांपुढे तुम्हीच काढा. ऑपरेशन करणाऱ्याचं सगळं लक्ष खुब्यावर असतं.

एक चाचणी मात्र तिकीट काढण्याआधी खोलीतच करून बघा. पाठ टेकायच्या साध्या खुर्चीवर तासभर बसवा. मग हाताच्या आधाराने स्वतः उठून वॉकरवर दहा-पंधरा पावलं चालता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर तिकीट पुढच्या आठवड्याचं काढा. भाचीचं लग्न, दिवाळी, पेरणी यातलं काहीही असलं तरी.

खुब्याच्या सांध्याचा गोळा आणि वाटी दोन्ही बदलली, नुसता गोळा बदलला की रॉड टाकला, याने प्रवासात फरक पडतो का?

पडतो, आणि घरच्यांना बहुतेक वेळा नेमकं काय झालंय हेच सांगता येत नाही. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

पहिली, पायावर पूर्ण भार द्यायचा की नाही. सांधा बदलला असेल तर बहुधा लवकरच पूर्ण भार देऊन चालवतात. पडून हाड मोडलं आणि आत रॉड किंवा प्लेट बसवली असेल, तर काही पेशंटना कित्येक आठवडे पाय नुसता टेकवायची परवानगी असते. अशा माणसाला विमानाचा जिना चढवायचा नाही. मग व्हीलचेअरही वेगळ्या प्रकारची सांगावी लागते.

दुसरी, चीर मागून घेतली की पुढून. मागून असेल तर ठरलेली बंधनं येतात: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, म्हणजे गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाय आत वळवायचा नाही. पुढून असेल तर पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं टाळायला सांगतात. खाली सीटबद्दल जे लिहिलंय ते मुख्यतः मागून चीर असलेल्यांसाठी आहे. आपल्याकडे तसे पेशंट बरेच.

तिसरी, ही बंधनं किती दिवस पाळायची. सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत काहीही उत्तर मिळेल. मिळेल ते पाळा. शेजारच्या काकूंना काय सांगितलं होतं याच्याशी आपला संबंध नाही.

रक्ताच्या गाठीची एवढी भीती का घालतात?

कारण ती खरी आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो. तो टाके निघाले म्हणून संपत नाही, कित्येक आठवडे राहतो. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्यात तासन्‌तास पाय लोंबकळत एका जागी बसणं आलं की धोक्यात भर पडते.

यात दोष विमानाचा नाही, बसून राहण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासात चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला तर धडधाकट माणसातही गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं, आणि तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा, सगळ्यांना ते लागू होतं. आता आपला हिशोब मांडा. दवाखाना ते विमानतळ दीड तास, विमानतळावर दोन तास, विमान एक तास, पुढे बीडपर्यंत अडीच-तीन तास. ‘विमान काय, तासाभराचं’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात सात-आठ तास बसलेला असतो.

यावर उपाय साधे आहेत. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस, प्रवासाच्या दिवशीही, ठरल्या वेळी. सांधा बदलल्यानंतर हा कोर्स बऱ्याचदा महिनाभर किंवा ३५ दिवसांचा असतो, त्यामुळे घरी आल्यावरही तो चालूच राहतो. बसल्या जागी दर अर्ध्या तासाला पंजा वर-खाली वीसेक वेळा हलवायचा, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या. संधी मिळेल तिथे उभं राहायचं. पाणी प्यायचं. घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले असतील तरच आणि मापाचेच घालायचे, कारण पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल, विशेषतः जुन्या मधुमेहात, तर ते अपायही करू शकतात. प्रवासात झोपेची गोळी देऊ नका. गाढ झोपलेला माणूस पाय हलवत नाही.

कोणते कागद लागतात?

ताज्या ऑपरेशनच्या पेशंटकडे विमान कंपनी ‘फिट टू फ्लाय’ दाखला मागू शकते. त्यात ऑपरेशन कोणतं, कधी झालं, जखमेची स्थिती काय, प्रवासाला हरकत नाही, आणि कोणती मदत लागेल, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी हवं. काही कंपन्यांचा स्वतःचा मेडिफ नावाचा फॉर्म असतो. तो डॉक्टरांकडून भरून आधी पाठवावा लागतो आणि कंपनीचे डॉक्टर मंजुरी देतात. दाखला किती दिवसांपूर्वीचा चालतो हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारा आणि दाखला प्रवासाच्या अगदी जवळच्या तारखेचा घ्या. डिस्चार्जच्या गडबडीत रेसिडेंट डॉक्टरांना गाठून दोन ओळी लिहून आणलेला कागद काउंटरवर चालेलच असं नाही.

डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि एक्स-रे हँडबॅगेत ठेवा. कार्डावर किंवा सोबत इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या सांध्याचे किंवा रॉडचे, छोटे स्टिकर चिकटवलेले असतात, त्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि दोन मुलांच्या फोनमध्येही टाका. पंधरा वर्षांनी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली तर सर्जन पहिल्यांदा तेच विचारेल, आणि तोवर फाईल माळ्यावर वाळवीने खाल्लेली असते.

चिकलठाणा, नांदेड की आणखी कुठलं विमानतळ?

जालना, बीड, परभणीच्या बाजूला जायचं तर बहुतेकदा चिकलठाणा, म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ. नांदेडहून हिंगोली, वसमत, अहमदपूर जवळ, पण तिथली उड्डाणं आणि वेळापत्रक बदलत राहतं, सेवा मध्येच बंदही पडलेली आहे, तेव्हा आधी खात्री करा. लातूरला धावपट्टी आहे, पण त्या भरवशावर बेत आखू नका. धाराशिव, तुळजापूरच्या लोकांना सोलापूरचं विमानतळ जवळ पडतं, तिथलंही वेळापत्रक बघून ठेवा.

विमानतळ निवडताना तिकिटाचे पैसे शेवटी बघा. आधी बघा ते उतरल्यावर रस्त्याने किती वेळ लागणार आणि तो रस्ता कसा आहे. आणि एकच उड्डाण घ्या. मध्ये विमान बदलायचं म्हणजे पेशंटची दोनदा चढ-उतार, दोनदा व्हीलचेअरची वाट, आणि पहिलं विमान लेट झालं की परक्या शहरात मुक्काम. दोन-तीन हजार वाचवायला हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ निवडायची मुभा असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळचं विमान घ्या. दुपारी चिकलठाण्याच्या डांबरावरून ऊन असं उसळतं की धडधाकट माणूसही गळून जातो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून येणार असाल तर उलट: पहाटेची विमानं धुक्यात अडकतात, दुपारचं बरं.

सीट कोणती घ्यावी?

आयल सीट, म्हणजे मधल्या रस्त्याकडची. पण कोणत्या बाजूची, हे फार थोडे लोक सांगतात. उजव्या खुब्याचं ऑपरेशन असेल तर ‘सी’ सीट घ्या, म्हणजे उजवा पाय रस्त्याकडे येतो आणि थोडा पुढे पसरता येतो. डाव्या खुब्याचं असेल तर ‘डी’. लहान विमानात एका बाजूला दोनच सीटा असतात, तिथे रस्त्याकडची अक्षरं सीटच्या नकाशात बघून घ्या. खाण्याची ट्रॉली येताना दिसली की पाय आत घ्यायचा. ती गुडघ्यावर आदळली की पेशंट दचकून अंग पिळतो.

पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा असते, पण हातटेकी बहुधा वर होत नाही आणि बॅग समोर ठेवता येत नाही. ज्यांना सीटवर बाजूने सरकत बसावं लागतं त्यांना दुसरी-तिसरी रांगच सोयीची. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस सीट मागू नका. चालायला त्रास असलेल्याला ती नियमानेच देत नाहीत.

पैसे परवडत असतील तर जादा पैशांची लांब-पायांची सीट घ्या. प्रवासभराच्या खर्चात हे पैसे सगळ्यात सत्कारणी लागतात.

व्हीलचेअर कशी मिळते? पैसे पडतात का?

तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. चालता न येणाऱ्या प्रवाशाला ही मदत मोफत असते. नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हणू नका, कारण तिचे तीन प्रकार नोंदवले जातात. पेशंट जिना चढू शकतो पण लांब चालू शकत नाही, हा एक. जिना चढू शकत नाही पण विमानात सीटपर्यंत चालू शकतो, हा दुसरा. अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत अरुंद खुर्चीतून न्यावं लागेल, हा तिसरा. ऑपरेशन ताजं असेल तर दुसरा किंवा तिसरा प्रकार सांगा. ‘आबा चढतील हो दोन पायऱ्या’ असा मोठेपणा इथे कामाचा नाही.

दुसरी गोष्ट खुर्चीचीच. विमानतळावरच्या व्हीलचेअरचं कापड मध्ये झोळीसारखं लोंबलेलं असतं. त्यात बसलं की खुबा खाली आणि गुडघे वर, म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलेली नेमकी तीच अवस्था. घट्ट फोमची, तीन-चार इंची उशी सोबत ठेवा आणि आधी ती टाका. हीच उशी पुढे विमानात, गाडीत आणि घरच्या खुर्चीवर लागते. मऊ रजई घडी करून चालत नाही, ती पाच मिनिटांत दबते.

व्हीलचेअर ढकलणारी मुलं कष्टाळू असतात, पण घाईत असतात. निघतानाच त्यांना सांगा: ‘दादा, ऑपरेशन या पायाचं आहे, काखेत हात घालून उचलायचं नाही, या स्वतः उठतील.’ पेशंट वॉकरला धरून उठताना दोन मिनिटं लागतात, ती लागू द्या.

मेटल डिटेक्टर वाजला तर?

बहुतेक वेळा वाजतोच. सांध्यातला धातू डिटेक्टरला कळतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सीआयएसएफच्या जवानाला आधीच सांगायचं की खुब्यात सांधा बसवलाय. ते हातातल्या यंत्राने आणि हाताने तपासतात, बाईमाणसाला पडद्याआड महिला जवान तपासतात. डॉक्टरांचा दाखला दाखवला की बोलणं सोपं होतं, पण त्यामुळे तपासणी चुकत नाही. वॉकर आणि काठी एक्स-रे यंत्रातून जाते, तेवढा वेळ पेशंटला टेकायला खुर्ची मागा. ज्या बायकांना नऊवारी नेसायची सवय आहे त्यांनी या दिवसापुरता सैल गाऊन किंवा सलवार घालायला हरकत नसावी. तपासणीही सोपी आणि संडासालाही.

विमान लहान असेल आणि जिनाच असेल तर?

संभाजीनगर-नांदेडच्या मार्गांवर काही वेळा लहान विमानं असतात. एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात, आणि दाराचाच जिना झालेला असतो: अरुंद आणि उभा. कंपनीला आधी कळवलं असेल तर उताराची फळी किंवा उचलणारी गाडी, म्हणजे अँब्युलिफ्ट, लावता येते. प्रत्येक विमानतळावर प्रत्येक वेळी ती असेलच असं धरू नका. निघण्याच्या आणि उतरण्याच्या, दोन्ही विमानतळांबद्दल फोनवर विचारा. लोक चढायचं बघतात आणि उतरायचं विसरतात.

डॉक्टरांनी पायऱ्यांची परवानगी दिली असेल आणि चढायचंच असेल, तर फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं आठवा: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा पाय आधी. सोबतच्या माणसाने चढताना मागे आणि उतरताना पुढे राहायचं. सगळ्यांच्या शेवटी उतरा, म्हणजे मागून कुणी रेटत नाही.

विमानात बसल्यावर काय काय सांभाळायचं?

सीटच्या कडेला पाठ करून उभं राहायचं, मागे सरकत सीट पायाला लागली की ऑपरेशनचा पाय पुढे टाकायचा, हात हातटेकीवर, आणि मग सावकाश बसायचं. वाकून पट्टा शोधायचा नाही, पडलेला चष्मा उचलायचा नाही, पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घालायचा नाही. ते सगळं शेजारी बसलेल्याचं काम. पाठ मागे टेकली की खुबा थोडा उघडतो, म्हणून उड्डाण झाल्यावर सीट जरा मागे करा. दुखण्याची गोळी विमानतळावर, बसण्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी, काहीतरी खाऊन.

संडासचं कसं?

हा प्रश्न लोक शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. विमानातला संडास अरुंद, आणि त्याचं भांडं बुटकं. तास-दोन तासांच्या उड्डाणात तिकडे जायची वेळच येऊ देऊ नका. बोर्डिंगच्या आधी विमानतळावरच्या अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात जाऊन या, तिथे भांडं उंच असतं आणि भिंतीला दांडे असतात. उतरल्यावर गाडीत बसण्याआधी पुन्हा तिथेच.

यावर आपल्या म्हाताऱ्या माणसांचा रामबाण उपाय असतो, आदल्या रात्रीपासून पाणीच सोडायचं. बायका तर हे सगळ्याच प्रवासात करतात. इथे ते करू देऊ नका. पाणी तुटलं की रक्त दाट होतं, बद्धकोष्ठ वाढतं, उठताना चक्कर येते. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आधीच पोट धरलेलं असतं. दोन दिवस आधीपासून पोट साफ राहील असं बघा, हवं तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

इंजेक्शनं आणि औषधं विमानात नेता येतात का?

येतात. चिठ्ठी सोबत असली की भरलेल्या सिरिंजही हँडबॅगेत नेऊ देतात. चेक-इन बॅगेत औषध टाकू नका, बॅग हरवली तर रात्री दहाला माजलगावात ते इंजेक्शन मिळेलच असं नाही. रक्त पातळ करणाऱ्या एनोक्सापॅरिनसारख्या इंजेक्शनला फ्रीजची गरज नसते, पण ते गोठूही द्यायचं नाही आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवायचं नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी म्हणजे भट्टी. चार दिवसांचं औषध जास्तीचं घेऊन निघा.

विमानापेक्षा रेल्वे किंवा गाडी बरी नाही का?

पुष्कळदा बरी असते, आणि हे विमानाच्या पानावर लिहायला हरकत नाही. पुण्याहून बीड किंवा लातूर गाठायचं तर गाडीच सरळ. मुंबईहून जालन्याला वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली. डबा प्लॅटफॉर्मच्या पातळीच्या जवळ, पाश्चिमात्य पद्धतीचा संडास, आणि हवं तेव्हा उभं राहून डब्यात चार पावलं टाकता येतात. त्रास एवढाच की खुर्चीत बरेच तास काढावे लागतात. ज्यांना बसणं जमत नाही पण आडवं पडणं जमतं, त्यांनी रात्रीच्या गाडीला खालचा बर्थ घ्यावा. देवगिरी, नंदीग्राम, लातूर एक्स्प्रेस आपल्या लोकांच्या सवयीच्या आहेत. पण बर्थ बुटका असतो, उशी तिथेही लागते, आणि डब्याच्या उभ्या पायऱ्या चढणं हा विमानाच्या जिन्याइतकाच मोठा प्रश्न आहे.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाल्यापासून संभाजीनगर-जालन्याच्या लोकांना गाडीचा पर्याय खरोखर चांगला झालाय. गचके कमी, आणि दवाखान्याच्या दारातून घराच्या दारात. मात्र दर तासाला थांबून पेशंटला उभं करायचं. चांगल्या रस्त्यावर ड्रायव्हरला थांबायचं भान राहत नाही.

ज्याला बसताच येत नाही त्याच्यासाठी विमानात स्ट्रेचरची सोय काही कंपन्या करतात, पण त्यासाठी बऱ्याच सीटांचं भाडं पडतं, मंजुरीला दिवस लागतात आणि लहान विमानात ते होत नाही. आपल्या अंतरांसाठी चांगली रोड अँब्युलन्स पुरते.

विमानतळापासून गावापर्यंत कोणती गाडी करावी?

मला वाटतं या सगळ्या बेतातला खरा निर्णय हाच आहे, आणि तो ‘पाहुण्यांची गाडी येतेय’ म्हणून सोडून दिला जातो. स्विफ्टसारख्या बुटक्या गाडीत खुबा फार वाकतो. बोलेरो किंवा स्कॉर्पिओत चढायलाच पायरी लागते. मधल्या उंचीची, इनोव्हा किंवा अर्टिगासारखी गाडी सोयीची. पेशंट पुढे, ड्रायव्हरशेजारी. सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ अर्धवट आडवी करा, उशी टाका, उशीवर प्लास्टिकची मोठी पिशवी पसरा. पेशंटने आधी बाहेर तोंड करून सीटवर बसायचं, मागे सरकायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र ठेवून अंग न पिळता आत वळायचं. पिशवीमुळे हे वळणं सोपं होतं. वळून झालं की ती ओढून काढा, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. गाडी रस्त्याच्या कडेच्या दगडाजवळ लावू नका, सपाट जागी लावा.

ड्रायव्हरला निघण्याआधी सांगा की पोहोचायची घाई नाही. गावाजवळचे शेवटचे दहा किलोमीटर सगळ्यात वाईट असतात, आणि तिथेच घर जवळ आलं म्हणून गाडी पळते. स्पीडब्रेकरवर गाडी आडवी न घालता सरळ, हळू. वाटेत ढाब्यावर थांबलात तर बाजेवर बसवू नका, खुर्ची मागा. पेट्रोल पंपावरच्या संडासावर विसंबू नका. घडीची कमोड खुर्ची डिकीत असू द्या, निदान लघवीचं भांडं तरी.

घरी काय तयारी हवी?

पेशंट विमानात बसण्याआधी व्हायला हवी ती: कमोड खुर्ची किंवा संडासाचं उंच सीट, गुडघ्यापेक्षा थोडा उंच पलंग, हातांची खुर्ची, बाथरूममध्ये रबरी मॅट, आणि वाटेतली सतरंजी-पायपुसणं उचललेलं. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडाचे पक्के ठोकळे. खाली बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि पाटावर जेवणं बंद. जुन्या घराचा उंबरठा उंच असेल तर वॉकर आधी पलीकडे, मग चांगला पाय, मग ऑपरेशनचा. देवापुढेही खुर्चीवर बसूनच हात जोडायचे.

बघायला येणाऱ्यांचं काय करायचं?

विमानतळावर चारजण पुरेत, दोन गाड्या भरून येऊ नका. घरी पहिले दोन दिवस नकोच म्हणा. कुणी पाया पडायला वाकलं की पेशंट नकळत त्याला उठवायला पुढे झुकतो, आणि सहाजण बसलेले असले की भिडेखातर दोन तास खुर्चीत अडकून पडतो. घरातल्या एका खमक्या बाईवर हे काम सोपवा.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, खोकल्यातून रक्त पडणं, भोवळ येऊन पडणं: लगेच १०८. विमानात असाल तर तत्क्षणी क्रूला सांगा. पोटरी दुखून घट्ट, गरम, लाल होणं, किंवा एकच पाय झपाट्याने सुजणं: त्याच दिवशी दवाखाना, आणि पोटरी चोळायची नाही, तेल लावून तर मुळीच नाही. खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड दिसणं किंवा वाकडा वळणं, भार न देता येणं: सांधा निसटला असू शकतो, उभं करायचा प्रयत्न न करता आडवं ठेवून अँब्युलन्स बोलवा. जखमेतून पाणी-पू येणं, ताप येणं: सर्जनला फोन. गाठ घरी आल्यावर कित्येक दिवसांनीही होऊ शकते, तेव्हा ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत.

ऑपरेशनच्या पायाला संध्याकाळी थोडी सूज मात्र बऱ्याच पेशंटना काही महिने राहते. आडवं पडल्यावर ती सकाळपर्यंत उतरते.

सहा आठवड्यांनी तपासणीला पुन्हा विमानाने जावं लागेल का?

निघण्याआधीच सर्जनला विचारा. सगळं सुरळीत असेल तर बरेच डॉक्टर लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात काढलेला एक्स-रे मोबाइलवर बघून व्हिडिओ कॉलवर बोलायला तयार होतात. एक्स-रे कोणत्या बाजूंनी काढायचा हे चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि पाठवताना फिल्मचा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो नको, सेंटरकडून मूळ डिजिटल प्रत मागून तीच पाठवा.